राहिलेला चेहरा

पाय तिने आधी ओळखला. मग बाकीचा माणूस दिसला, आणि तो अनोळखी होता.

वारसिनी लेकीचा विसरलेला चष्मा द्यायला बँकेत आली होती. जाकार्तातल्या रुंद रस्त्यावरची ती नवी इमारत, काचेची दारं, आत शिरताच अंगावर येणारी गार हवा, आणि फरशी इतकी गुळगुळीत की चपला बाहेर काढाव्यात की काय असं तिला दर खेपेला वाटे. लेक एन्दांग वरच्या मजल्यावर टंकलेखनाला होती. पहारेकऱ्याने फोन लावला आणि म्हणाला, थांबा बू, येतायत खाली. बू म्हणजे बाई. वारसिनीने नेहमीप्रमाणे दाराकडे तोंड असलेली खुर्ची शोधली. कुठेही गेली तरी ती दाराकडे तोंड करूनच बसायची. दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, स्वतःच्या घरातसुद्धा. नवरा होता तोवर हसायचा, हिला स्टेशनमास्तर करा म्हणायचा, एक गाडी चुकणार नाही. अनोळखी माणसंही विचारत, कुणाची वाट बघताय का बू, आणि ती सवयीने हो म्हणून टाकी. त्या दिवशी मात्र दारासमोरच्या साऱ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. म्हणून ती भिंतीला लागून उभी राहिली, सहज मान वळवली, आणि डोळ्यांसमोर तो पाय होता. उघडा, टाचेला भेगा पडलेला, भेगांत ज्वालामुखीच्या मुलखातली करडी माती भरलेली. अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना जन्मापासून चिकटलेली. आई तेल लावताना त्याच बोटांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, याची बोटंच एकमेकांना सोडत नाहीत, हा मला काय सोडतोय.

कांग जोनोचा पाय. तिच्या दादाचा. वारसिनीला आधी थंडी वाजली, मग वास आला, शिजवलेल्या खळीचा, ओल्या तागाचा, खडूच्या भुकटीचा. त्या गार दिवाणखान्यात तो वास कुठूनही येणं शक्य नव्हतं. तिने नजर वर नेली. बांबूच्या बाकावर बसलेला माणूस, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतलेला, जखमेवर फडकं गुंडाळता गुंडाळता मध्येच थांबलेला. फडकं धरलेले हात आखूड, जाड अंगठ्याचे, करंगळीजवळ लाल खड्याची अंगठी. जोनोची बोटं लांब होती, आणि अंगठी त्याने जन्मात घातली नव्हती. खांदे कुणा सुताराचे असावेत तसे. आणि वर, फाटक्या टोपीखाली, गालावर दोन दिवसांची दाढी असलेला एक कोवळा चेहरा चित्राच्या बाहेर कुठेतरी, उजवीकडे, बघत होता. तो जोनो नव्हता. तिच्या दादाच्या पायावर कुणीतरी परका माणूस आणून बसवला होता. खाली पितळी पट्टीवर ‘लढवय्या’ एवढंच कोरलं होतं. काढणाऱ्याचं नाव नव्हतं. पण तागाची जाडीभरडी वीण रंगातून वर आलेली तिला दिसत होती, आणि त्या तागाला खळ लावणारे हात तिचेच होते.

एन्दांग खाली आली, चष्मा घेतला, म्हणाली, काय गं, अशी का उभी? वारसिनीने बोट दाखवलं. एन्दांगने बघितलंही नाही. ते होय, म्हणाली, ते नवीन लावलंय, मला नाही आवडत. रोज संध्याकाळी बाहेर पडताना तो असा बघतो, जसा मला उशीर का झाला ते विचारतोय.

त्या रात्री नाही, त्यानंतरच्या कित्येक दुपारी वारसिनी त्या खळीच्या वासात राहिली. योग्याकार्तात, नदीच्या उतारावर त्यांचं घर होतं, बांबूच्या तट्ट्यांचं. आई साबुकंद किसायची, पिळायची, पांढरं पाणी मडक्यात निवळायला ठेवायची, आणि निवळेपर्यंत काहीतरी गुणगुणायची,

पांढरं बसलं तळाशी, पाणी गेलं नदीला,
माझं बसलं दाराशी, पुसत गं वाटेला.

तेव्हा दाराशी बसायला अजून काही कारण नव्हतं, गाणं आधीचंच होतं. तळाशी बसलेल्या त्या पिठाची खळ शिजवून सतरा वर्षांची वारसिनी मास रेक्सोच्या चित्रशाळेत पोचवायची. चित्रशाळा म्हणजे नदीकाठची एक पडवी, पाच-सात पोरगेले चित्रकार, आणि त्यांच्यात जरा थोराड असा रेक्सो, ज्याला सगळे मास, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. युद्धामुळे कापड मिळत नव्हतं. साखरेची रिकामी पोती उसवून, शिवून, त्यांवर खळ आणि खडू चोपडून ते त्यांची कापडं करत. युद्धाआधी डच साहेब चित्रं विकत घेत ती निळ्या डोंगरांची, हिरव्या भातशेतांची, एक ताडाचं झाड, एक म्हैस. रेक्सो ती चित्रं बघून विचारायचा, भात आपोआप उगवतं का रे? लावणारा कुठाय? त्याचा घाम कुठाय? आणि पोरांना बाजारात हाकलायचा, स्टेशनावर हाकलायचा, हमाल काढा म्हणायचा, खरूज झालेला पोरगा काढा, खरूज दिसली पाहिजे. स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा याच पोरांनी आगगाडीच्या डब्यांवर चुन्याने मोठमोठी अक्षरं लिहिली होती. युद्धात हाकलले गेलेले डच परत येणार आणि लढाई होणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती कशासाठी करायची हे मात्र, असं रेक्सो म्हणे, माणसाला स्वतःचा पाय चित्रात दिसल्याशिवाय कळत नाही.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आभाळातून छत्र्या उतरल्या आणि शहर डचांचं झालं. आईने मडकी झाकून ठेवली, जसं काही ते गोरे सैनिक खळच न्यायला आले होते. जोनो लढायला डोंगराकडे गेला. त्याच्यासारखे पुष्कळ गेले. अधूनमधून ते शहरात उतरत, निरोप घेऊन, औषधं न्यायला, आणि दिवस उजाडल्यावर कुठे लपायचं म्हणून चित्रशाळेत बसत. तट्ट्यांच्या दोन भिंतींमधल्या पोकळीत रेक्सोने ते मोठं चित्र उभं करून ठेवलं होतं. बाहेर गस्तीच्या गाड्या फिरत आणि आत तो काढत असे. वारसिनी रोज भांडं घेऊन जायची, कारण खळ नेणाऱ्या पोरीला सैनिक अडवत नसत. आणि रोज जायचं खरं कारण, आज जोनो आला असेल. एकदाच सापडला. पाय मांडीवर घेऊन बसला होता, तळव्यात बांबूचं कुसळ गेलेलं, आणि रेक्सो त्या पायाकडे असा बघत होता जसा सोनार बघतो. जोनो तिला म्हणाला, बघ गं, राजाचंसुद्धा कुणी पाय धरून चित्र काढलं नाही. ती हसली होती. ते हसणं तिच्या तोंडात अजून कुठेतरी होतं, जुन्या दाताच्या जागेसारखं.

तो परत आला नाही. डच गेले, झेंडे लागले, डोंगरातून उतरलेली पोरं शहरात मिरवली, त्यांत तो नव्हता. आणि जावा बेटावर माणूस मेला की तिसऱ्या दिवशी, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या, आणि शेवटी हजाराव्या दिवशी शेजारीपाजारी चटईवर बसतात, दुआ म्हणतात, भाताची रास वाटून घेतात. हजारावा झाला की मग मेलेला सुटतो आणि मागे राहिलेलेही सुटतात. जोनोचं यातलं काही झालं नाही. आई म्हणाली, देह नाही तर दिवस कसले. तिने दिवस मोजायलाच नकार दिला. रोज सूर्य मावळताना त्याची थाळी मांडायची, आणि सकाळी ती थाळी कोंबड्यांना. लोक आधी हळहळले, मग सवयीचे झाले. उपवासाच्या महिन्याआधी सारा गाव कबरी झाडायला, फुलं वाहायला जाई तेव्हा या दोघी मायलेकी वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवून उरलेली मूठभर परत घरी आणत, कारण ती कुठे ठेवायची ते ठाऊक नव्हतं. वारसिनीचं लग्न झालं, जाकार्ता आली, एन्दांग झाली, नवरा गेला. मागल्या वर्षी आईही गेली. जाताना काही बोलली नाही, फक्त संध्याकाळ झाल्यावर स्वयंपाकघराकडे बघितलं. आता जोनोला ओळखणारं जगात एकटी वारसिनी उरली होती. तो मेला असं म्हणायचा हक्क आता तिचा एकटीचा होता, आणि तो हक्क तिला सोसवत नव्हता. तिने नाही म्हटलं तर तो कायमचाच तसा लटकत राहणार होता, दारात, ना आत ना बाहेर. आणि हो म्हणायचं तर कशाच्या आधारावर? तीस वर्षांत तिने त्याचं पाहिलेलं एवढंच, भिंतीवरचा एक पाय.

ती पुन्हा बँकेत गेली. डब्याचं निमित्त काढून गेली, छत्रीचं निमित्त काढून गेली. दर वेळी आधी पाय बघायची आणि ऊर भरून यायचा, मग चेहरा बघायची आणि राग यायचा. कुणी बदलला हा चेहरा? पासष्ट सालाच्या कम्युनिस्टांच्या धरपकडीत रेक्सोला नेलं, त्याचं नाव घेणंसुद्धा अपराध झाला, त्याची चित्रं लोकांनी जाळली, पुरली, कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातली. हे एक कुणाच्या तरी हातून वाचलं आणि विकलं गेलं. विकताना कुणी बड्याने आपल्या बापाचा किंवा भावाचा चेहरा वरून रंगवून घेतला असेल, आज तसे लढवय्ये पुष्कळ झालेत. तिला वाटे, नखाने खरवडलं तर खालून जोनो निघेल. एकदा ती खरोखरच इतकी जवळ गेली की पहारेकरी खाकरला. तेवढ्यात तिला दिसलं की चेहऱ्यावरच्या रंगाला पायावरच्या रंगासारख्याच बारीक चिरा पडल्या होत्या. वय एकच होतं दोघांचं.

घरी तिने एन्दांगला सांगितलं की मला मास रेक्सोला शोधायचंय, तो कैद्यांच्या बेटावरून सुटून आलाय म्हणतात. एन्दांगचा हात भात वाढता वाढता थांबला. ती हलक्या आवाजात बोलू लागली, शेजारी ऐकतील म्हणून. अशा माणसांच्या ओळखपत्रावर शिक्का असतो, तुला कळतं का आई. आमच्याकडे विचारतात, घरी कोण येतं, तुम्ही कुणाकडे जाता. मी मामाला पाहिलंसुद्धा नाही.

“न पाहिलेल्या माणसासाठी माझी नोकरी घालवशील?”

“तू नाही पाहिलंस,” वारसिनी म्हणाली. “म्हणून तर.”

एन्दांग जेवली नाही. वारसिनीला तिची दया आली, आणि तरी ती दारासमोरच बसून राहिली.

त्यानंतर तिला सगळीकडे पाय दिसू लागले. बसच्या पायरीवरचे, बाजारातल्या ओल्या गोणपाटावरचे. बेचाक म्हणजे तिकडची सायकलरिक्षा. तिच्या गल्लीतल्या साऱ्या बेचाकांच्या पत्र्यांवर तेच एक चित्र असे, जे शाळेतलं प्रत्येक पोर काढतं: दोन डोंगर, मध्ये सूर्य, भातशेत, त्यातून जाणारा रस्ता. एका सकाळी मासळीबाजारातून परतताना ती अशाच एका बेचाकच्या मागून चालत होती, आणि तिला दिसलं की या डोंगराच्या पायथ्याशी, शेतात, अंगठ्याच्या नखाएवढं एक माणूस आहे. वाकलेलं. अनवाणी. तिने गाडीवानाला थांबवलं. तो वैतागून म्हणाला, तो मांगराईच्या गराजातला म्हातारा, बू. बाकीचे नुसते डोंगर काढतात, हा प्रत्येक डोंगराखाली एक मजूर घालतो. मालक पुसायला लावतो, हा पुन्हा घालतो. मी म्हटलं राहू दे, एकटा मीच का राबू?

गराजात रबर, गंज आणि रंगाचा वास होता. रेक्सो उकिडवा बसून एका पत्र्यावर निळा डोंगर भरत होता. दात गेले होते, एक डोळा दुधाळ झाला होता, हात मात्र तोच, कुंचल्याला जवळजवळ न धरता धरणारा. त्याने वर पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं.

“खळवाली,” तो म्हणाला. “म्हातारी झालीस की गं न्दुक.”

न्दुक म्हणजे पोरी. त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी नव्हतं. “तुम्ही कुठे तरुण राहिलात मास?” ती म्हणाली.

“मला सरकारने बेटावर जपून ठेवलं होतं. खारवून.”

ती पालथ्या डब्यावर बसली आणि पायाबद्दल सांगू लागली. तो डोंगर भरत राहिला. चित्र बँकेत लावलंय हे ऐकून मात्र त्याचा कुंचला थांबला, आणि तो हसत सुटला, हसता हसता खोकत, खोकता खोकता डोळे पुसत. बँकेत, म्हणाला, अनवाणी पाय बँकेत. मला तरी आत घेतील का गं? तिने पितळी पट्टीबद्दल सांगितलं, नाव नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरंय, नाव असतं तर चित्रही बेटावर गेलं असतं. मग ती ज्यासाठी आली होती ते तिच्या तोंडून फुटलं, आणि तिला वाटलं होतं त्याहून मोठ्याने.

“चेहरा कुणी बदलला त्याचा?”

“कुणी नाही.”

आणि तो सांगू लागला, कुंचला तेलात फिरवत, तिच्याकडे न बघता. समोर बसल्याशिवाय मी कधी कुणाला काढलं नाही. मनातून काढलं की माणूस सुंदर होतो, आणि सुंदर खोटं असतं. पण तेव्हा कोण किती वेळ बसणार? पोरगा एक सकाळ बसायचा, संध्याकाळी डोंगरावर. जेवढं मिळे तेवढं मी घेई. पाय जोनोचा. हात मुजिरानचे, अंगठी त्याच्या सासऱ्याने दिलेली. खांदे त्या सुताराच्या पोराचे, त्याचं नाव माझ्या डोक्यातून गेलं, बेटावर खूप नावं गेली. एक परत आला नाही की त्याच जागी दुसऱ्याला बसवायचं, तसंच, तोच पाय वर घेऊन. माझं ते एक माणूस किती माणसांचं झालं मला ठाऊक नाही. सगळ्यांना वाटे, राहिलेलं पुढच्या खेपेला.

“जोनो काय म्हणाला ठाऊक आहे? पाय झाला, आता पाय मोकळे, मास. चेहऱ्यासाठी परत येईन.”

वारसिनीला ते त्याच्या आवाजात ऐकू आलं. गराजाबाहेर आगगाडी गेली, पत्रे थरथरले. मग चेहरा कुणाचा, असं तिने विचारलं नाही. तिच्या आत काहीतरी आधीच मागे सरू लागलं होतं, पाणी नदीकडे जावं तसं. रेक्सोने रंगाचा एक डबा उचलला, अर्धा भरलेला, आणि तिच्या हातात दिला. म्हणाला, जा, दारात उभी राहा. सांडू नकोस. ती उठली. हे किती वेडेपणाचं आहे असं मनात म्हणत म्हणत ती गराजाच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि डबा दोन्ही हातांत धरल्याबरोबर तिची हनुवटी आपोआप जराशी वर आली, मान उजवीकडे वळली, डोळे रस्त्याच्या टोकाला जाऊन टेकले. मानेला सगळं आठवत होतं. हलू नकोस न्दुक, तो म्हणाला होता, खळ गरम आहे, निवेपर्यंत धर. आणि ती धरून उभी राहिली होती, तट्ट्याच्या फटीतून उतारावरच्या वाटेकडे बघत. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा. खळ इतका वेळ गरम नसते हे खळ शिजवणाऱ्या पोरीला कळायला हवं होतं. पण तिला वाटेकडे बघायला कारणच हवं होतं. त्या घरात आरसा नव्हता. आपण तशा दिसतो हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. वरून एक फाटकी टोपी आली, गालावर कुंचल्याने दोन दिवसांची दाढी, आणि ती पोर लढवय्या होऊन भिंतीवर गेली.

“चेहरा राहिला होता,” रेक्सो मागून म्हणाला. “पोरं संपली होती.”

ती वळली नाही. त्या जुन्या मानेनेच विचारलं, तेव्हा जोनो गेलेला होता?

हो, तो म्हणाला. पुलाखालच्या उतारावर, पहाटेच्या धुक्यात, गस्तीची गोळी. तुझ्या घराकडे निघाला होता की माझ्याकडे, कोण जाणे, वाट तर एकच होती. ज्याने पाहिलं त्याने मला येऊन सांगितलं. गाडी आली आणि पडलेल्या सगळ्यांना उचलून घेऊन गेली, कुठे पुरलं ते कुणाला कळलं नाही. मी तुझ्या आईकडे गेलो. ती कंद पिळत होती. म्हणाली, देह आणलास? नाही म्हटलं. मग मेला म्हणू नकोस, म्हणाली, आणि माझ्या पोरीला सांगशील तर या दारात परत येऊ नकोस. आणि पिळत राहिली. दुसऱ्या दिवशी तू भांडं घेऊन आलीस आणि वाटेकडे बघत राहिलीस. मला ठाऊक होतं, तुला नव्हतं. तसा चेहरा मला दुसरीकडे कुठे मिळणार होता?

वारसिनीने डबा खाली ठेवला. कुठे ठेवतोय ते न बघता ठेवला, तो कलंडला आणि डोंगराचा निळा रंग जमिनीवर पसरला, रबराच्या तुकड्यांभोवती, तिच्या चपलांपर्यंत. हा माणूस गावभर पाय काढत फिरला, घाम काढला, खरूज काढली, लोकांनी डोळे उघडावेत म्हणून. आणि एका पोरीचे डोळे उघडे ठेवले ते असे, तीस वर्षं. तिला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी आई दिसली, त्या मडक्याशी वाकलेली, आत सगळं ठाऊक असलेली, आणि तरी संध्याकाळी थाळी मांडणारी. मग ती थाळी कुणासाठी होती? जोनोसाठी नव्हती. वारसिनीने वाट बघत राहावं म्हणून होती, की आईला एकटीला वाट बघवत नव्हती म्हणून? तळाशी काय बसलं आणि नदीला काय गेलं, कुणाला वेगळं करता येणार होतं?

“तीस वर्षं, मास,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. गुडघ्यांवर येऊन चिंधीने जमिनीवरचा निळा टिपू लागला, टिपलेला पुन्हा डब्यात पिळू लागला, कारण रंग मालकाचा होता. ती बघत राहिली. त्याची पाठ त्याच्याच त्या नखाएवढ्या माणसाइतकी वाकली होती. मग तीही खाली बसली आणि दुसरी चिंधी घेतली. पिळण्याची तिला सवय होती.

निघताना ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी दुपारी जेवायला या. दिवस करणार आहे त्याचे. हजारावाच करीन, आधीचे त्यातच. त्याने विचारलं, तुझी लेक बँकेत आहे म्हणालीस ना? मी आलो तर? वारसिनीने चपलांचा निळा रंग फरशीला पुसला.

“तीच वाढेल तुम्हाला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली ती निमित्त न काढता. पिशवीत केळीच्या पानात फुलं होती, गुलाबाच्या पाकळ्या, कवठी चाफा, हिरवट केनांगा, कबरीवर वाहतात तशी. दुपारची वेळ होती, दारासमोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती त्या खुर्च्यांपाशी थांबली, आणि मग चित्रासमोर गेली. पायाखालच्या चौकटीच्या कडेवर मावतील तेवढ्या पाकळ्या तिने ठेवल्या. एक जोनोला. एक मुजिरानला. एक सुताराच्या पोराला, ज्याचं नाव गेलं. चेहऱ्यापर्यंत तिचा हात पोचला नसता, आणि तिथे ठेवायचंही नव्हतं काही, जिवंत माणसावर कबरीची फुलं टाकत नाहीत. नुसती बघत राहिली. किती कोवळी होती ती. टोपीखालून एक बट सुटलेली तिला आज दिसली, दाढी रंगवताना रेक्सोने ती का ठेवली असेल? सतरा वर्षांची ती पोर तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत होती, डोळ्यांत उतारावरची वाट घेऊन, आणि तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. वारसिनीने सांगावं असं ठरवलं. ओठ हलवून, आवाज न करता, तिने ते वाक्य म्हटलं, जे आईने म्हटलं नाही. पोरीच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. ती बघतच राहिली. तिला राहू द्यावं, असं वारसिनीला वाटलं. कुणीतरी एकाने बघत राहिलेलं बरं.

पहारेकरी घाईने आला, फुलं बघून गोंधळला, काही बोलणार होता, तेवढ्यात जिन्यावरून एन्दांग उतरली. पिशवी, पाकळ्या, आई, सगळं तिने एका नजरेत पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती आईला दूर ओढायला पुढे आली, आणि आईच्या खांद्यावरून सहज वर पाहिलं, आणि थांबली. चित्राकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे. उशीर का झाला म्हणून रोज संध्याकाळी विचारणाऱ्या त्या डोळ्यांकडे.

“आई गं,” ती हळूच म्हणाली. “ही तर तू.”

वारसिनीने मान डोलावली. एन्दांगने भोवती कोण बघतंय ते पाहिलं. मग चौकटीवरून घरंगळलेली एक पाकळी वाकून उचलली आणि परत पायाशी ठेवली.

पहारेकऱ्याने खुर्ची आणली, सवयीने दाराकडे तोंड करून ठेवली, आणि सवयीनेच विचारलं, कुणाची वाट बघताय का बू?

“नाही,” वारसिनी म्हणाली. तिने खुर्ची फिरवून घेतली आणि दाराकडे पाठ करून बसली. मागे काचेचं दार उघडलं, रस्त्याचा ऊन वारा आला, पाकळ्या हलल्या, कुणाची तरी पावलं गुळगुळीत फरशीवरून आत आली. तिने वळून पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवरची पोर पाहत होती.